दिल्ली दरवाजाचा रंग कोणत्या सालचा?

दिवाळी आली की पुण्याच्या वाड्यांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत मातीचे किल्ले उभे राहतात. एखादा हौशी कारागीर त्यापुढे जाऊन शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा १:७२ या प्रमाणात करायला घेतो. (योगायोग असा की मूळ दरवाजाच्या प्रत्येक कवाडावर अणकुचीदार खिळेही ७२च आहेत.) लाकूड करडे, खिळे गंजलेले, प्रत्येक खिळ्याखाली तांबूस ओघळ. प्रतिकृती हुबेहूब दिसते. मग तिच्यासमोर बाजीरावाचे कोरे करकरीत स्वार उभे केले जातात, आणि तिथेच इतिहास बिघडतो.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत १७३२ मध्ये. त्यासाठी जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीचा चुना आणल्याचे सांगितले जाते. तटबंदी आणि दरवाजांचे काम नंतर पुरे झाले. पेशव्यांच्या ऐन वैभवात हे लाकूड नवे होते. ताजा साग सोनेरी तपकिरी असतो, काळानुसार गडद होतो, आणि तेलपाण्याविना उन्हापावसात राहिला तरच रुपेरी करडा पडतो. म्हणजे करड्या रंगाने कारागीर अडीचशेहून अधिक वर्षांचे वय रंगवतो आणि त्यापुढे अठराव्या शतकातली माणसे उभी करतो.

गंजाची गोष्ट अधिक रंजक आहे. खिळ्याखालचा काळा-तांबडा ओघळ ही पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेली सवय आहे. तिकडचे जुने दरवाजे ओकचे. ओकमधले टॅनिन लोखंडाला खाते आणि डाग धरते. साग तेलकट असल्याने लोखंडाला फारसा अपाय करत नाही. जहाजबांधणीत त्याला मोल आले त्यामागे हाही गुण होता. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेली सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तेव्हा सागाच्या दरवाजावर गंज दाखवायचाच, तर पाणी साचेल अशा तळच्या कोपऱ्यात, आणि तोही जरासा.

आता प्रमाणाचा हिशेब पाहा. सुमारे ३० सेंटिमीटरचा खिळा प्रतिकृतीत जेमतेम ४ मिलिमीटरचा होतो. ३० सेंटिमीटरवरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरा दरवाजा २१-२२ मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून लाकडाच्या बारीक रेषा दिसत नाहीत. दिसतात त्या फळ्यांमधल्या सांधी आणि फळीफळीतला छटांचा फरक. म्हणून आधी पिवळसर मातकट थर, त्यावर बर्न्ट अंबरचा पातळ वॉश, तो प्रत्येक फळीला किंचित वेगळा. लोखंडाला चंदेरी रंग नकोच: त्यातले चमकते कण या प्रमाणात फार मोठे भासतात. निळसर काळा रंग वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने चोळली की घडीव लोखंडाची मंद झाक येते.

पण मूळ रंगाचा पुरावा कुठे आहे? १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल गेले. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. गणपती रंगमहालाचे रूप आज प्रामुख्याने एका तैलचित्रातून कळते: १७९० च्या तहप्रसंगी भरलेला सवाई माधवरावांचा दरबार. तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेले. पंधरा वर्षांनंतरचा, दुसऱ्याच्या कागदावरून घेतलेला रंग कितपत मानावा? रेखाटनांतून आकार हाती लागतो, खांबांची छटा लागेलच असे नाही. त्यापेक्षा केळकर संग्रहालयातल्या जुन्या कोरीव दारांसमोर तासभर उभे राहणे अधिक उपयोगी. तांब्यासाठी कसब्यातली तांबट आळी आहेच. मठारलेल्या भांड्याच्या प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो. तो कोणत्याही बाटलीतल्या ‘कॉपर’ रंगात मिळत नाही.

१८२८ नंतरचा वाडा दाखवायचा असेल, तर करडा, कोळसा, राख सगळे चालेल. फक्त समोरून पेशव्यांचे स्वार काढावेत. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते.

एक बारकावा मात्र बहुतेकांकडून सुटतो. खिळ्यांची टोके घासून चकचकीत करण्याची चाल आहे. हे खिळे हत्तीच्या धडकेसाठी होते. त्यांना रोज हात लावणार कोण? दैनंदिन ये-जा उजव्या कवाडातल्या छोट्या दिंडी दरवाजातून होई. कोरड्या ब्रशाचा एखादा उजळ फटकारा मारायचाच, तर तो तिथे, हाताच्या उंचीवर, दिंडीच्या कडेला.