पानाएवढा पडदा

‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ यांतला फरक चोवीस इंची मॉनिटरवर दिसेनासा झाला, तेव्हा मी आधी डोळे तपासून घेतले. नंबर तोच होता. मग संशय मॉनिटरवर गेला.

मी प्रुफं वाचतो. वीस-बावीस वर्षं कागदावर वाचली, आता प्रकाशक पीडीएफ पाठवतात. मॉनिटर १९२० × १०८०चा, म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल. पुस्तकातलं दहा पॉइंटचं अक्षर तिथे मूळ आकारात बघितलं, तर त्याच्या वाट्याला उंचीला तेरा पिक्सेलही येत नाहीत. इंग्रजीचं त्यात भागत असेल. आपल्याकडे त्या तेरांत वर रफार, वेलांटी, अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि जोडाक्षर, खाली उकार, एवढं बिऱ्हाड बसवायचं. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि ‘दर्या’ की ‘दऱ्या’ हे तर संदर्भावरूनच ओळखायचं.

‘झूम करा की’ असं सगळे सांगतात. झूम केलं की अक्षर दिसतं आणि पान हरवतं. प्रुफं वाचताना ओळीबरोबर पानही वाचावं लागतं. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन पडलीय का, पृष्ठांक हललाय का, दोन ओळींतलं अंतर मध्येच वाढलंय का, हे अख्खं पान समोर असल्याशिवाय कळत नाही. मला हवा होता पुस्तकाच्या पानाएवढा आणि छापील पानासारखा रेखीव पडदा. मोठ्या मॉनिटरच्या शेजारी उभा ठेवायचा, बस्स.

अशी वस्तू दुकानात मिळत नाही, हे कळायला दोन महिने गेले. लहान पडदे भरपूर आहेत, पण बहुतेक भरड. सात इंची एक मागवला. खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ असं ठसठशीत छापलेलं. यातली मेख ‘सपोर्ट’ या शब्दात असते. फुल एचडी चित्र तो आत घेतो आणि स्वतःच्या १०२४ × ६०० पिक्सेलांत कोंबून दाखवतो. परत पाठवला. लॅपटॉपबरोबर न्यायचे पंधरा इंची पडदे बरे असतात, पण ते आडवे-लांबट; उभे केले की माझ्या टेबलावर ताडासारखे दिसतात.

मग एका विक्रेत्याकडे ८.९ इंची, २५६० × १६०० पिक्सेलचा पॅनल स्वस्तात दिसला. हिशेबाने इंचाला जवळजवळ ३४० पिक्सेल. हर्षवायूच व्हायचा बाकी होता. आला, तो नुसती करडी काच. रंग नाही, मागून उजेड नाही. तो रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमधला सुटा भाग होता. तिथे खालून अतिनील दिवा लागतो आणि पडद्याने फक्त कुठे उजेड सोडायचा, कुठे अडवायचा एवढंच करायचं असतं. वर्णनात ‘मोनो’ असा शब्द होता म्हणे. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाने तो वाचला नव्हता.

उपाय सापडला तो पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रकाशकाकडे बिलाची आठवण करून देऊन मी तपकीर गल्लीत शिरलो. तिथे टॅब्लेट दुरुस्त करणारा एक तरुण आहे. गाऱ्हाणं ऐकून त्याने ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेला एक पातळ पत्रा काढला. “काका, हा चालेल का बघा. आयपॅडचा आहे, दोन हजार बाराचा. मदरबोर्ड मेला, काच फुटली, पण डिस्प्ले जिवंत आहे.”

त्या पिढीच्या आयपॅडमध्ये वरची टचची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नसत, म्हणून काच फुटली तरी आतला वाचायचा. ९.७ इंच, २०४८ × १५३६, म्हणजे इंचाला २६४ पिक्सेल. माझ्या दहा पॉइंटच्या अक्षराला तेराऐवजी जवळजवळ सदतीस. आकार चारास तीन. उभा धरला की रुंदी पावणेसहा इंचांच्या थोडी वर, उंची पावणेआठ. डेमी पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठचं. वरखालचा कोरा समास सोडला तर मजकूर जसाच्या तसा, मूळ मापात मावतो. मी खिशातली फूटपट्टी लावून पाहिली. तो हसला.

“पण हा कॉम्प्युटरला लागणार कसा?”

“ह्याचं जमतं. मोबाइलचे नाही जमत सहजी.” मग त्याने समजावलं. मोबाइलचे आणि पुष्कळशा टॅबचे पडदे मिपी नावाच्या जोडणीवर चालतात आणि कॉम्प्युटरला ती भाषा येत नाही. हा मात्र ईडीपीवर चालतो, म्हणजे डिस्प्लेपोर्टचाच घरात राहणारा भाऊ. मध्ये एक छोटं कार्ड आणि मागच्या उजेडासाठी वीज, एवढं पुरतं. पॅनल बावीसशे, कार्ड मागवून तीन हजार. मी घासाघीस केली नाही, पुण्यात असूनही.

घरी आणून एचडीएमआयला लावला तर चित्र फुगलेलं आणि धूसर. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय १९२० × १२०० पलीकडे जायला तयार नव्हतं. दोन दिवस केबल बदलून पाहिल्या. शेवटी कॅबिनेटच्या मागे बॅटरी मारली, तेव्हा एक कोपरा कापल्यासारखं दिसणारं दुसरं भोक सापडलं. डिस्प्लेपोर्ट! सात वर्षांत त्यात धुळीशिवाय काही गेलं नव्हतं.

पडदा लागला, अक्षरं मुंगीएवढी दिसली. विंडोजमध्ये त्या एका पडद्याचं स्केलिंग अडीचशे टक्के केलं, चित्र नव्वद अंश फिरवलं आणि पीडीएफ उघडली. रफाराचा आकडा चक्क वळलेला दिसत होता. पानं लावायचं माझं जुनं सॉफ्टवेअर मात्र तिथे नेलं की पुसट होतं, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा दोन पडद्यांना दोन मापं असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. विंडोज बिचारं त्याचं चित्र ताणून दाखवतं. तो ताण बंद करायची सोय आहे, पण मग मेनू भिंगातून वाचावे लागतात. ते सॉफ्टवेअर आता मोठ्या मॉनिटरवर, आणि वाचन इथे.

उघड्या पॅनलला उभं कशात करायचं हा प्रश्न आईच्या ज्ञानेश्वरीच्या घडीच्या लाकडी व्यासपीठाने सोडवला. मागे जाड पुठ्ठा, कडेला कापडी चिकटपट्टी, केबल व्यासपीठाच्या फटीतून मागे. बायको म्हणाली, “निदान हळदकुंकू तरी वाहा.”

परवा गल्लीतून फोन आला. “काका, अजून एक आलाय, काच फुटलेला. आता फार येत नाहीत हे. ठेवू?”

म्हटलं, ठेव.