काशीला विमानाने, पण पुढे?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण काशीयात्रेसारख्या पुण्यकर्मात आठवावी हे काही बरे नव्हे. पण बाबतपूरच्या विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याचा आकडा ऐकला आणि मला तीच आठवली.

सासूबाईंची काशीला जाण्याची इच्छा फार दिवसांची. मुंबईहून महानगरी एक्सप्रेसने एक अख्खा दिवस आणि त्याहून थोडे अधिक लागते, आणि त्यांचे गुडघे आता तेवढा वेळ बसू देत नाहीत. म्हणून दोन-तीन महिने आधी तिकिटे काढून आम्ही विमानाने गेलो. हिशेब केला होता तो विमानाच्या तिकिटाचा. विमानतळावरून शहरात कसे जायचे, याला वहीत ओळसुद्धा नव्हती. हीच चूक आपल्यापैकी पुष्कळ जण करतात.

वाराणसीचा विमानतळ शहरात नाही. तो वायव्येला बाबतपूर येथे, सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. २००५ पासून त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव आहे. पूर्वी हा रस्ता म्हणजे शिक्षाच होती. २०१८ च्या नोव्हेंबरात चौपदरी रस्ता खुला झाला. सव्वासतरा किलोमीटरला ८१२ कोटी रुपये लागले. त्यामुळे गाडी हरहुआ, तरना मागे टाकत भराभर शिवपूरपर्यंत येते. खरी कसोटी तिथून पुढे!

आमच्या टॅक्सीवाल्याने हजार रुपये सांगितले आणि “माताजी को घर के दरवाज़े तक छोड़ेंगे” असे वचनही दिले. आमचा मुक्काम दुर्गाघाटाजवळ. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा काशीतील जुना मराठी वस्तीचा भाग. तिथल्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे लागते. तिथे टॅक्सी कुठून जाणार? मैदागिनला त्याने सामान उतरवले, पूर्ण पैसे मोजून घेतले आणि तो निघून गेला. पुढे आम्ही दोघे बॅगा घेऊन आणि मधे सासूबाई, दर पन्नास पावलांवर ओट्यावर टेकत. मुक्कामी पोहोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, एवढ्या पैशांत एक अभिषेक झाला असता.”

म्हणून परतीला मी हट्टाने चौकशी केली. कँट स्टेशनकडून विमानतळाकडे शहर बस जाते. तिघांचे बसभाडे, मैदागिनपासून कँटपर्यंतच्या ई-रिक्षाचे पैसे धरूनही, टॅक्सीच्या निम्म्याहून बरेच कमी झाले. गाडी वातानुकूलित होती आणि बसायला जागाही मिळाली. पण गुण गायचे तर दोषही सांगायला हवेत. बस सुटण्याची वेळ विचारली तर तीन माणसांनी तीन वेळा सांगितल्या. पायरी उंच, आणि मोठ्या बॅगेला जागा म्हणजे आपल्याच पायांपुढची. आम्ही विमानाच्या चार तास आधी निघालो म्हणून जिवाला घोर लागला नाही. संध्याकाळी उशिराचे विमान असते तर मी हा धोका पत्करला नसता.

बाबतपूरला रेल्वे स्टेशनही आहे, वाराणसी-जौनपूर मार्गावर. नकाशात ते विमानतळाच्या इतके जवळ दिसते की मोह होतो. पण तिथे थांबणाऱ्या गाड्या विमानांच्या वेळा पाहून थांबत नाहीत, तेव्हा त्या नादी न लागलेले बरे.

माझे मत विचाराल तर दोन धडधाकट माणसे आणि एकेक पिशवी असेल, तर डोळे मिटून बसने जावे. चौघांचे कुटुंब आणि त्यात एखादे वयस्क माणूस असेल, तर टॅक्सी घ्यावी, मात्र “गोदौलिया की मैदागिन, गाडी नक्की कुठपर्यंत जाईल?” हे पैसे ठरवण्याआधी विचारावे. आणि मुक्कामाच्या ठिकाणचा एखादा मुलगा सामानासाठी चौकात बोलावून ठेवावा. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचले!

स्वस्त सोय असली की लोक वापरतात, हे दिल्लीत दिसले आहे. तिथली विमानतळाची मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली, खासगी कंपनी २०१३ मध्ये बाहेर पडली, आणि पुढे दिल्ली मेट्रोने भाडे उतरवले तसे प्रवासी वाढले. वाराणसीत कँट ते गोदौलिया अशा पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. गर्दीच्या रस्त्यावरून अधांतरी जाण्याची ही कल्पना मला आवडते, पण तिची सुरुवात कँटपासून. विमानाने येणाऱ्याला आधी कँट गाठायला बस हवीच. इकडे विमानतळ मात्र वाढतो आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे २,८७० कोटींच्या योजनेत वर्षाला ३९ लाखांऐवजी ९९ लाख प्रवाशांची सोय धरली आहे. एवढी माणसे उतरणार, तर दर अर्ध्या तासाला एक बस आणि दारातच मोठ्या अक्षरांत वेळापत्रक, एवढे मागणे जास्त आहे का?

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले होते. परतताना आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते चालत घरी आले. सासूबाईंनी ही हकिकत बसमध्ये शेजारच्या बाईंना आपल्या हिंदीत रंगवून सांगितली. त्या बाई जौनपूरच्या माहेरी निघाल्या होत्या. त्यांनी आमची जड बॅग आपल्या पायांशी ओढून घेतली आणि बाबतपूर येईपर्यंत सोडली नाही. गंगाजलाचे दोन सीलबंद तांबे त्याच बॅगेत होते.