चिमटीतला कागद

वाचकहो, तुमच्या घरी महिन्याकाठी रद्दीचा गठ्ठा बांधला जात असेलच. पुढच्या वेळी तो बांधण्यापूर्वी वर्तमानपत्राचे एक पान काढून घ्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश फाडून पाहा. वरून खाली फाडलेत तर ते बहुधा सरळ फाटत जाईल. आडवे फाडलेत तर मात्र ते तुमचे ऐकणार नाही, वेडेवाकडे होत भलतीकडेच जाईल. कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने पडतात, म्हणून हा फरक पडतो. ३१ वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली, कितीतरी मुलांकडून घोटीव कागदाचे चिकटकाम करून घेतले. तरी ही साधी गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात यायला माझा उजवा हात लुळा पडावा लागला.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका पहाटे मी वाईच्या आमच्या घराच्या अंगणात रांगोळी घालत होते. ठिपके मांडून झाले होते. पहिली रेषा ओढायला घेतली आणि चिमटीतून रांगोळी भसकन सांडली. थंडीने बोटे बधिर झाली असावीत, असे वाटून मी ती पुसली, पुन्हा घेतली; पुन्हा सांडली. तेवढ्यात यजमान दूध घेऊन आले. माझ्याकडे पाहून ते जागीच थबकले. "अगं, तुझं तोंड असं वाकडं का दिसतंय?" मी उत्तर द्यायला गेले, तर जीभ जड झालेली. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि तासाभरात आम्ही साताऱ्याच्या रुग्णालयात पोहोचलो. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. पक्षाघात झाला होता. हे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की चेहरा वाकडा होणे, हातातले बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर मालीश किंवा घरगुती उपाय करत बसू नका. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आमच्या यजमानांनी वेळ दवडला नाही, म्हणून मी आज हे लिहू शकते आहे.

बोलणे महिन्याभरात सुधारले. पाय दोन-तीन महिन्यांनी मार्गी लागला. हात मात्र मागे राहिला. खांदा आणि कोपर हलू लागले, मूठही वळू लागली. पण अंगठा आणि तर्जनी जुळवून धरण्याची जी नाजूक पकड असते, तीच गेली होती. फळ्यावर एका झटक्यात गोल वर्तुळ काढणारी बाई म्हणून माझी शाळेत ख्याती होती. मुले मुद्दाम ते काढायला लावीत आणि टाळ्या वाजवीत. त्याच हाताने आता पेन्सिल धरली, की कागदावर केवळ थरथर उमटे. मी चित्रांच्या वह्या, ब्रश, रंगपेट्या सगळे ट्रंकेत घालून कुलूप लावले. जुने विद्यार्थी भेटायला आले तरी मी झोपल्याचे सोंग करी.

व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून जी मुलगी मला शिकवायला येई, ती वयाने लहान, पण मोठी खंबीर. एके दिवशी ती म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला सध्या रेघ नको, पकड हवी. रोज वर्तमानपत्राच्या वीस पट्ट्या फाडा. उजव्या चिमटीत धरायचं, डाव्यानं ओढायचं. मग हात बदलायचे." मला मनस्वी राग आला. आयुष्यभर कागदावर काहीतरी निर्माण करणाऱ्या माणसाला कागद फाडायला सांगणे, ही मला थट्टाच वाटली. तरी मी फाडत राहिले. पट्ट्यांनी बादली भरे, संध्याकाळी ती बंबात जाई.

फाल्गुनातली एक दुपार. मांडीवरच्या पट्ट्या घसरून शहाबादी फरशीवर पसरल्या. खिडकीतून तिरपे ऊन येत होते. काळपट फरशीवर त्या करड्या पट्ट्या एकावर एक आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्या दातेरी कडा उन्हात उजळल्या होत्या. मी पाहतच राहिले. ढोल्या गणपतीच्या घाटावर सकाळी कृष्णेचे पाणी असेच दिसते! ते पाणी मी जलरंगांत कितीदा तरी रंगवले होते. दर वेळी ते फार गुळगुळीत होई; पाण्यावरचा तुटका उजेड काही साधत नसे. येथे तो न मागता फरशीवर पडला होता. आडव्या फाडलेल्या, न ऐकणाऱ्या कागदाने तो दिला होता.

त्या रात्री मला आन्री मातिस आठवला. फ्रान्सचा हा थोर चित्रकार १९४१ साली कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचला, पण पुढे त्याचे बहुतेक आयुष्य बिछान्यात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. ईझलपुढे तासन् तास उभे राहणे संपले, तेव्हा त्याने कात्री हाती घेतली. साहाय्यक कागदांना रंग देत, तो त्यांतून थेट आकार कापी आणि साहाय्यक ते त्याच्या सांगण्यानुसार टाचण्यांनी भिंतीवर लावत, हलवत, पुन्हा लावत. 'गोगलगाय' हे त्याचे सुमारे नऊ फूट लांबरुंद कागदचित्र १९५३ सालचे, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीचे. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, इंग्लंडमधल्या मेरी डेलनी या बाईंनी पतीच्या निधनानंतर चार वर्षांनी, वयाच्या ७२व्या वर्षी कागद कापून फुले करायला घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक बारीक तुकडे चिकटवून त्यांनी दहा वर्षांत ९८५ वनस्पतिचित्रे केली आणि दृष्टी मंदावली तेव्हाच त्या थांबल्या. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मुलांना कोलाज शिकवताना मातिसचे नाव मी दोन ओळींत उरकत असे. आता तो मला गुरुबंधूसारखा वाटू लागला.

तेव्हापासून माझे काम कसे चालते, ते सांगते. आधी कागद जमवायचे. विकतचे रंगीत कागद मी फारसे वापरत नाही. लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, जुनी दिनदर्शिका, वाण्याच्या पुड्या, फाटके पतंग असे काहीही चालते. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेली माहितीपत्रके तर मी जपून ठेवते. ती इतकी पातळ असतात, की दोन-तीन एकमेकींवर चिकटवली तर खालचे अंधूक दिसत राहते. पांडवगडावरचे धुके मी त्यांचेच करते. माझ्या दुखण्याने घरात निदान त्या कागदाची तरी कधी टंचाई होऊ दिली नाही!

हे कागद मी रंगांनुसार नव्हे, तर उजळ, मध्यम आणि गडद अशा तीन खोक्यांत ठेवते. चित्र उभे राहते ते प्रामुख्याने या उजेड-अंधारावर. डोळे किलकिले करून पाहिले, की कोणता तुकडा कोणत्या खोक्यातला ते लगेच कळते. मग फाडणे. रंगीत छपाईचा कागद फाडताना दोहोंपैकी एका तुकड्याला आतल्या कागदाची पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. ओढण्याची दिशा बदलली की कडही बदलते. पाण्याला आणि ढगांना पांढरी कड हवी, दगडांना नको. एवढे लक्षात ठेवून फाडू लागले, की वीस पट्ट्यांचा कंटाळवाणा व्यायाम केव्हा पन्नासांवर जातो, ते कळतही नाही.

तुकडे तयार झाले तरी मी लगेच चिकटवत नाही. पंखा बंद करून ते पुठ्ठ्यावर नुसते मांडते आणि दोन-तीन दिवस तसेच ठेवते. येता-जाता पाहायचे, एखादा उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. जलरंगात चुकलेला फटकारा परत घेता येत नसे, त्यामुळे माझा सगळा भरवसा हाताच्या अचूकपणावर होता. येथे अचूक हात लागत नाही. पाहणारा डोळा आणि थांबण्याची तयारी लागते. ती दोन्ही माझ्यापाशी शिल्लक होती, हे मला त्या मांडामांडीतच कळले.

चिकटवायला मी घरचीच खळ करते. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर दाटसर होईपर्यंत ढवळायचा. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विषारी असते, तेव्हा घरात मुले असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी. चित्र पूर्ण झाल्यावर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवावा, नाही तर वाळताना पुठ्ठा पुढे वाकतो. मग स्वच्छ कागदात ठेवून वर जाडजूड शब्दकोश ठेवायचा.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही, हे माझे बरेच दिवस ठरत नव्हते. घाटाचे पहिले मोठे कोलाज मी मांडत होते. पाणी जमले, पायऱ्या जमल्या. पण ओल्या दगडावर जो शेवाळी, किंचित गेरूमिश्रित रंग असतो, तो कोणत्याही कागदात सापडेना. तो कोठे आहे, हे मला ठाऊक होते. बैठकीच्या भिंतीवर, मी ऐन उमेदीत केलेल्या घाटाच्या जलरंगचित्रात तो होता. यजमानांचे ते सर्वांत लाडके चित्र. मी चौकट उतरवायला सांगितली, तेव्हा त्यांना माझा हेतू कळला. ते नुसते म्हणाले, "राहू दे गं. तेवढं तरी राहू दे."

त्या 'तेवढं तरी'ने मी हादरले. पायावर उभी राहिलेली, बोलती झालेली मी त्यांच्यासमोर होते; तरी त्यांच्या मनात माझे काहीतरी कायमचे गेले होते आणि त्याची शेवटची खूण ते भिंतीवर जपत होते. खरे सांगायचे तर मीही तेच करत होते. ट्रंकेला लावलेले कुलूप याहून निराळे कसले होते? आठ दिवस त्या चित्राचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. नवव्या दिवशी त्यांनीच ते उतरवून माझ्यासमोर ठेवले.

जलरंगाचा कागद जाड असतो. माझ्या उजव्या चिमटीत तो टिकेना, पुन्हा पुन्हा निसटू लागला. तेव्हा ते समोर येऊन बसले आणि त्यांनी कागदाची दुसरी कड धरली. त्यांनी धरले, मी ओढले. पहिली चीर गेली तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते. नंतर मात्र ते "हा दगड मोठा झाला," "इथे थोडा काळा हवा," अशा सूचना करू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या चित्रात पहिल्यांदाच लक्ष घातले होते.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर काही गोष्टी अनुभवाने सांगाव्याशा वाटतात. बैठक वीस मिनिटांचीच असू द्या. थकलेल्या हाताकडून काम करून घेऊ नका. कोपराला टेबलाचा आधार द्या. पुठ्ठ्याखाली ओला रुमाल पसरला तर तो सरकत नाही. दुर्बळ हाताला काहीच जमत नसेल, तर त्याने निदान कागद दाबून धरावा. त्यालाही कामात वाटा हवा. बोटांची संवेदना कमी असेल तर धारदार पाते देऊ नका, गरज पडली तर बोथट टोकाची कात्री पुरे. आणि कृपा करून, उशीर लागतो म्हणून त्यांच्या हातातले काम काढून घेऊन स्वतः पुरे करू नका. हे सारे उपचारांना पूरक आहे, त्यांच्या जागी नव्हे. आपल्या तज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करा. पक्षाघातानंतर नैराश्य येणे हेही सामान्य आहे आणि त्यावर उपचार आहेत. मी सोंग घेऊन पडून राहत होते, ते दिवस डॉक्टरांना सांगायला हवे होते. मी सांगितले नाहीत, तुम्ही सांगा.

माझा हात पूर्ण बरा झाला, असे मात्र समजू नका. ब्लाउजची बटणे मी आता लावू शकते, भाजी निवडते, सुईत दोरा ओवता येत नाही. ठिपके मांडते, पण त्यांना जोडणारी बारीक रेषा नातच ओढते. फळ्यावरचे ते वर्तुळ परत येणार नाही, हे मी मान्य केले आहे. बैठकीत त्याच खिळ्यावर आता घाटाचे कोलाज आहे. तळाच्या एका दगडावर, फाडताना चुकून आलेली, माझी जुनी सही अर्धी दिसते. उरलेली अर्धी कोणत्या तुकड्यावर गेली, ते पुष्कळ शोधूनही सापडले नाही. यजमान म्हणतात, पुरी करून टाक. मी डाव्या हाताने सराव करते आहे.