गलाईच्या वाटेनं

आमच्या खानापूर तालुक्यात पाहुणा आला की 'घरात कोण कोण हाय?' असं विचारत नाही, 'कोण कुटं हाय?' असं विचारतो. थोरला कोइमतूरला, मधला हुबळीला, धाकटा आसामात, अशी उत्तरं त्याला मिळतात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा अवर्षणाचा पट्टा. पावसाची वाट बघून थकलेला माणूस इथनं गलाईला जायचा. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून द्यायचा धंदा. 1972 च्या दुष्काळात आम्ही पोरं सुकडी खाऊन आणि लाल मिलोच्या भाकरी चावून जगलो. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत माझ्या वर्गातली निम्मी पोरं एकेक करून दक्षिणेच्या गाडीत बसली. मी मास्तर झालो, म्हणून गावात राहिलो.

2023 च्या संक्रांतीनंतर मी मोटरसायकलवरनं हा गोतावळा बघायला निघालो. निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली होती. गाडी 1998 सालची स्प्लेंडर. मंडळी म्हणाली, "अवो, साठी उलटली की तुमची. रेल्वे न्हाई व्हय जायला?" रेल्वे होती. पण रेल्वे एकदम शेवटच्या ठेसनावर नेऊन सोडते आणि मधली घरं तशीच राहून जातात. माझी माणसं तर वाटेनं विखुरलेली. फोन सगळ्यांकडं आहे, पण फोनवर जो तो 'बरं हाय' एवढंच सांगतो. खरं काय ते समोर बसल्यावरच कळतं.

ती बडबडली, पण कॅरियरला बांधायला पिशव्या तिनंच भरल्या. तिळगूळ, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आठवणीनं थोडा भाजलेला हुरडा.

विट्यावरनं कराड गाठलं आणि तिथनं बंगळूरचा महामार्ग धरला. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड करत दिवस मावळता हुबळीत पोचलो. तिथं मावसभाऊ आहे. त्याची नातवंडं माझ्याशी मराठी बोलत होती आणि भांडताना कानडीत शिरत होती. दुसरा मुक्काम चित्रदुर्गला, शाळूसोबत्याकडं. तिथल्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना दिसल्या आणि घडीभर आपण ढालगावच्या माळावरच आहोत असं वाटलं. सोबती म्हणाला, "म्या बी कवा करमंना झालं की हितं येऊन उभा ऱ्हातो." चाळीस वर्षांत हे वाक्य तो फोनवर कधी बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुमकूर, बंगळूर मागं टाकून होसूर. चौथ्या दिवशी कृष्णगिरी, धर्मपुरी आणि तोप्पूरचा घाट उतरून सेलम. घाटात ट्रकांची रांग लागलेली. मी कडेकडेनं, तिसऱ्या गिअरवर, सावकाश उतरलो. सेलम हे चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथं माझी थोरली बहीण 1974 साली नांदायला गेली. आम्ही तिला अक्का म्हणतो आणि तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्यामुळं तिकडची सगळी गल्लीच तिला अक्का म्हणते.

आई गेली तेव्हा तार पोचून अक्का येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. तेव्हापासनं तिचं गावाला येणं कमी होत गेलं. मग मेव्हणे गेले, आणि त्यानंतर ती सेलमची वेस ओलांडून कुठं गेली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "दादा, आता आळी सांग." मला कळलं नाही. मग तिनंच सुरू केलं. वेशीकडनं पहिलं घर कुणाचं, त्यातली म्हातारी हाय का? मी म्हणालो, गेली. दुसरं घर? पडलं, आता तिथं गोठा आहे. तिसरं? पोरं पुण्याला, कुलूप आहे. अक्का डोळे मिटून एकेक उंबरा ओलांडत होती. तिच्या मनातल्या आळीत पन्नास वर्षांमागची सगळी माणसं चालत-बोलत होती आणि मी एकेकाला उठवून बाहेर पाठवत होतो. अकराव्या घराला तिनं पदर तोंडाला लावला. मी थांबलो. ती म्हणाली, "थांबू नगंस. समदी सांग. मला हितं कोन सांगनार हाय?"

आळी संपायला रात्रीचे बारा वाजले. सकाळी मात्र ती पहिल्यासारखी हसली आणि बाजरीची भाकरी थापायला बसली.

अक्काकडं एक दिवस जास्त राहून मी कोइमतूरला गेलो. या सगळ्या वाटेला मी ज्याच्यासाठी लागलो, तो माझा दोस्त तिथं आहे. दुष्काळात आम्ही दोघं एकाच कावडीला दोन बाजूंनी धरून पाणी आणायचो. 1976 साली, चौदाव्या वर्षी, चुलत्यानं त्याला नेलं. सुरुवातीला भांडी घासायची, भट्टी फुकायची आणि दुकानातच झोपायचं. पुढं तो कसबी कारागीर झाला, मग स्वतःचं दुकान घातलं.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. त्यानं मला सगळं काम दाखवलं. जुन्या सोन्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचं. मग ते तेजाबात टाकायचं. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, सोनं खाली तपकिरी गाळासारखं उरतं. तो गाळ धुऊन, टाकणखार घालून पुन्हा तापवला की पिवळाधमक थेंब बसतो. तेजाबातली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत काढतात. तेजाबातनं तांबूस धूर उठतो. तो धूर सेहेचाळीस वर्षं त्याच्या छातीत जातोय. बोलताना दर चार वाक्यांमागं त्याला खोकला येत होता.

एक गंमत झाली. तो 'येरवाळी' म्हणायचा, 'कोरड्यास' म्हणायचा. आमच्या गावातल्या पोरांना आता हे शब्द सांगितले तर ती तोंडाकडं बघतात. त्यानं नेलेली भाषा त्यानं तशीच जपून ठेवली होती. जपली म्हणण्यापेक्षा, तिला हात लावायला तिथं कुणी नव्हतं.

मी मोबाईलवर त्याला फोटो दाखवले. टेंभूच्या योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलंय. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणलंय. ज्या माळावर आम्ही करडं चारायचो, तिथं आता डाळिंब आणि द्राक्षं आहेत. तो बराच वेळ एकाच फोटोकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे पानी पन्नास वर्सं आदी आलं असतं तर, मास्तर?" मला मास्तर तो पहिल्यांदाच म्हणाला.

मग त्यानं मनातलं काढलं. गावाकडं त्याची तीन एकर जमीन आहे. पुतण्या निम्म्या वाट्यानं कसतो. पाणी आलं, भाव वाढला, तशी पोरं म्हणतायत, विकून टाकू, हितंच घर बांधू. "त्यांचं बी चुकत न्हाई. त्यांनी रान बघितलंय कुटं? त्यांच्यासाठी तो सातबारा म्हंजे नुसता कागद. तू काय म्हंतोस?"

मी काहीच म्हणालो नाही. विकू नकोस म्हणायला मी कोण? भट्टीपुढं तो बसला होता. एवढंच बोललो, "इकायचं तर इक. पर आदी पोरांना घिऊन एकदा रानात उभा ऱ्हा. मंग ठरीव."

तो चैत्रात यात्रेला आला, दोन्ही पोरं आणि थोरली सून घेऊन. बांधावर चप्पल काढून पाटाच्या पाण्यात उतरला आणि तिथंच बसून राहिला. पोरं पहिल्यांदा लांब उभी होती, मग विजारी वर करून तीही उतरली. त्यांनी बापाला तमिळमध्ये काहीतरी विचारलं आणि त्यानं हात करून चारी बांध दाखवले.

जमीन अजून विकलेली नाही. पुढं विकली जाईल की राहील, हे पोरांच्या हातात. जाताना पुतण्यानं वाट्याचं शाळूचं पोतं गाडीत टाकलं. आठ दिवसांनी दोस्ताचा फोन आला. म्हणाला, "सूनबाईच्या हातनं भाकरी मोडती, गोल व्हईना. पर पोरं खात्यात." मागनं त्याची सून तमिळमध्ये हसत काहीतरी सांगत होती. ते काय ते मी विचारलं नाही. अक्काला फोन लावला आणि तिला ही नवी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मंग पुढच्या चैत्राला मला बी ने की. पर फटफटीवरनं न्हाई हां."