सुट्टींत काय वाचावें?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली कीं ग्रंथालयाच्या टेबलाभोंवतीं मुलांचे दोन तट पडतात. एकांस खेळाचें पुस्तक हवें असतें, दुसऱ्यांस गोष्टीचें. पहिल्यांस वाटतें, कादंबरी हें रडूबाईंचें काम. दुसऱ्यांस वाटतें, खेळाचें पुस्तक म्हणजे नुसते आंकडे. पालक येतात ते ह्या दोहोंसही बाजूस सारून "अभ्यासाचें कांहीं तरी द्या" असें म्हणतात. आम्ही गेलीं वीस वर्षें ह्या टेबलाच्या पलीकडे बसत आलों आहों, व त्या अनुभवावरून यंदा चार-पांच पुस्तकांची शिफारस करण्याचें योजिलें आहे.

आपलें कोल्हापूर मुळांतच खेळाचें गांव. खासबागेचें कुस्तीचें मैदान शाहू छत्रपतींनीं बांधविलें, हें येथें सांगावयास नको. ह्याच गांवीं १९१९ सालीं जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर यांनीं १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडाविरुद्ध ४४३ धावा काढल्या व ते नाबाद राहिले. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या उच्चांकास अवघ्या नऊ कमी असतां प्रतिपक्षानें सामना सोडून दिला. ही गोष्ट येथील मुलांस आजोबांकडून मिळालेली असते. परंतु ह्या गृहस्थांस एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं, हें सांगावयास आजोबा बहुधा विसरतात. आमच्या समजुतीप्रमाणें खेळाचा इतिहास आंकड्यांच्या ह्या मागल्या बाजूस सुरू होतो.

ती मागली बाजू पाहावयाची असेल त्यानें रामचंद्र गुहा यांचें 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' हें २००२ सालीं निघालेलें इंग्रजी पुस्तक हातीं घ्यावें. ग्रंथ मोठा आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं शब्दकोश जवळ ठेवून निदान पालवणकर बंधूंविषयींचीं प्रकरणें वाचावीं. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांत जन्मलेले. पुण्यास पारशांच्या क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व लोटण्याचें काम ते दरमहा तीन रुपयांवर करीत. पुढें युरोपियनांच्या क्लबांत चार रुपये झाले. तेथें साहेबलोकांस सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकावयाचा, बॅट मात्र हातीं मिळावयाची नाहीं. ह्या झिजण्यांतूनच त्यांची डाव्या हाताची मंदगति गोलंदाजी तयार झाली. हिंदूंच्या क्लबास जिंकावयाचें होतें, म्हणून त्यांस संघांत घेतलें. पण चहाच्या वेळीं इतर खेळाडू तंबूंत कपबशीनें चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. एकच चेंडू सर्वांच्या हातीं फिरत होता, हें ध्यानांत घ्यावें. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला तो बऱ्याच अंशीं ह्यांच्या बळावर. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस रीतसर कधींच मिळालें नाहीं; तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळालें. ह्या विठ्ठलरावांनीं 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मचरित्र मराठींत लिहिलें व तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या ग्रंथालयांत त्याची प्रत नाहीं. कोणा पालकांच्या घरीं माळ्यावर जुन्या पुस्तकांत असल्यास ती थोडे दिवस वाचावयास मिळावी, अशी आमची विनंती आहे.

ह्याच्या जोडीस अमेरिकेंतील एक पुस्तक आहे. बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाहीं. चेंडू टोलवावा आणि चौकोनाचे चारही कोन धांवून मूळ जागीं परत यावें, इतकें समजलें तरी वाचनास पुरे. त्या देशांतील मोठ्या संघांनीं सुमारें साठ वर्षें काळ्या वर्णाच्या खेळाडूंस दार बंद ठेविलें होतें. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन हा ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर उतरला. कितीही शिव्या खाव्या लागल्या तरी उलट हात उगारावयाचा नाहीं, अशी अट त्यानें आधींच मान्य केली होती. ज्यूल्स टायगेल यांचें 'बेसबॉल्स ग्रेट एक्स्पेरिमेंट' हें १९८३ सालचें पुस्तक ह्या हकीकतीचें उत्तम वर्णन करतें. कांहीं शहरांत इतर खेळाडू ज्या हॉटेलांत उतरत, तेथें रॉबिन्सनला जागा मिळत नसे. मातीचें भांडें आणि हॉटेलचा दरवाजा ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून वाचाव्या, म्हणजे दोन्ही पुस्तकें एकमेकांचीं भाष्यें होतात.

एका सुज्ञ पालकांनीं आम्हांस मागें विचारलें होतें कीं, हें जुनें उकरून मुलांचीं मनें कशाला कलुषित करावयाचीं? प्रश्न सद्भावनेचा होता. पण आमच्या वर्गांत ज्याच्या पणजोबांनीं तसा चहा प्याला तो मुलगाही बसतो, आणि ज्याच्या पणजोबांनीं तो तसा दिला तोही बसतो. आपण मौन पाळलें तर पहिल्यास तें घरीं कळतेंच; दुसऱ्यास मात्र कोठेंच कळत नाहीं. आमच्या स्वतःच्या आजोबांनीं करवंटींतून चहा घेतलेला होता. ते तें सांगत, पण उन्हाळा-पावसाळा सांगावा तशा आवाजांत. आम्हांस राग आला तो पुष्कळ पुढें, पुस्तकांतून. आणि त्या रागाचें काय करावें हेंही पुस्तकांतूनच कळलें.

आतां गोष्टीचीं पुस्तकें. हल्लीं 'प्रेरणादायी' म्हणून पुष्कळ पुस्तकें विकलीं जातात, व त्यांतील नायक पहांटे उठतो आणि शेवटीं श्रीमंत होतो. बाळू पालवणकरांची हकीकत वाचलेल्या मुलास तीं बेगडी वाटतील, वाटावींत. साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिली गेली. ती बहुतेकांनीं वाचली असेल. खेळगड्यांनीं त्यांतील पोहण्याचें प्रकरण पुन्हां वाचावें. जी आई भित्र्या मुलास शिंपटीनें मारून विहिरीकडे पाठविते, तिला निव्वळ मायाळू म्हणून चालावयाचें नाहीं.

आमचें सर्वांत आवडतें पुस्तक मात्र व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालचें हें लहानसें पुस्तक, पण त्याच्यापुढें मोठमोठे ग्रंथ फिके वाटतात. औंध संस्थानांतील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो. मुलें मेंढरांमागें जातात, शाळेंत कोणी येत नाहीं. हळूहळू गांव त्याचा होतो. मग मास्तर तालीम बांधण्याचें मनावर घेतो. सारा गांव राबतो, राजेसाहेब स्वतः येतात. आणि पुढें दुष्काळ पडतो. माणसें पोटासाठीं एकेक करून निघून जातात, वस्ती ओस पडते. तालीम बांधली त्या श्रमांचें चीज झालें कीं नाहीं, हें लेखक सांगत नाहीं. दर वर्षीं कोणी तरी मुलगा पुस्तक परत करतांना आम्हांस तेंच विचारतो, आणि आम्ही त्यास आधीं त्याचें मत विचारतों. गेल्या सालीं आठवींतील एका मुलीनें सांगितलें कीं, तालीम रिकामी असली तरी ती बांधतांना कोण कोण आलें होतें तें मास्तरास ठाऊक आहे. आम्हीं तें वाक्य नोंदवहींत उतरून ठेविलें आहे.

ह्या पुस्तकावर निघालेला चित्रपट चांगला आहे, पण तो नंतर पाहावा. ग्रंथालयांत 'बनगरवाडी'च्या तीन प्रती आहेत. पैकीं एकीची शिवण सुटली आहे, ती जपून हाताळावी. नांवें शेवटच्या पेपराआधीं नोंदवावीं.