दारातल्या माठाची गोष्ट

मानिक चौक, झाशी
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. मुक्ता हीस,


स्पेनमधल्या त्या यात्रेच्या वाटेवर जुलैत बुर्गोसपासून लिओनपर्यंत चालायचं ठरवलं आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तुझं हे पहिलंच लांबचं चालणं, आणि तेही सावली नसलेल्या पठारावर, भर उन्हात. सरावासाठी चालताना तुला आपल्या दारातला माठ आठवला आणि तो नेहमी उंबऱ्याच्या बाहेरच का असतो, असं तू विचारलंस. त्याची गोष्ट एका चालणाऱ्या माणसाचीच आहे.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, हे कानावर आलं आणि तिशीतले विष्णुभट काका रामभटांबरोबर 1857 साली पायी निघाले. घर सोडून इतक्या लांब ते पहिल्यांदाच जात होते. वडील जाऊ द्यायला तयार नव्हते. पुणं मागे टाकून महूच्या बाजूला पोचेपर्यंत कडक उन्हाळा झाला होता. तिथेच वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना सांगितलं की आता बंड होणार आहे, मागे फिरा. ते फिरले नाहीत.

पुढे ग्वाल्हेरकडून ते आपल्या झाशीत आले. नेवाळकरांचं मराठी राज्य, राणीचा आश्रय, ओळखीची मराठी घरं. त्यांना इथे बरं वाटलं असणार. 21 मार्च 1858 ला इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहराबाहेर येऊन ठेपली, 3 एप्रिलला इंग्रज तटावर चढले आणि दुसऱ्या रात्री राणी काल्पीकडे निघून गेली. मग शहरात जे झालं त्याला विष्णुभट ‘बिजन’ म्हणतात: दिसेल त्याची कत्तल. ज्या राणीमहालापुढून तू लहानपणी बर्फाचा गोळा खात जायचीस, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हे घडलं. विष्णुभट लपून राहिले म्हणून वाचले. ‘माझा प्रवास’ या आपल्या पुस्तकात त्यांनी ती पानं वर्णनाचा आव न आणता लिहिली आहेत, म्हणूनच मला ती सलग वाचवत नाहीत.

शहरातून जिवंत बाहेर पडल्यावर काका-पुतणे काल्पीच्या वाटेला लागले. आजच्या रस्त्याने चिरगाव, मोंठ, उरई असं करत काल्पी दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. तुझं बुर्गोस ते लिओन त्याहून थोडंसंच जास्त भरेल. पण हा बुंदेलखंड वैशाख-ज्येष्ठात कसा असतो ते तू पाहिलेलं नाहीस, तू नेहमी दिवाळीतच आलीस. खालचा खडक ग्रॅनाइटचा, दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. बाभळीला सावली नावापुरती. दहा वाजले की लू सुरू होते आणि तोंडावर फडकं बांधल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. त्याच उन्हाळ्यात, 7 मे 1858 ला कोंचच्या लढाईत कितीतरी गोरे सैनिक गोळी न लागता नुसत्या उन्हाने कोसळले, स्वतः रोजला पुन्हा पुन्हा घोड्यावरून उतरावं लागलं. त्या उन्हात लुटले गेलेले दोन भिक्षुक पायी चालले होते.

काल्पीच्या अलीकडे एका विहिरीवर ते असताना राणी तिथे आली. लढाईत हार झालेली, अंगावर पठाणी पोशाख, सगळं अंग धुळीने भरलेलं, घशाला कोरड. विष्णुभटांनी ओळखलं आणि पाणी काढून द्यायला पुढे झाले. राणीने त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये, असं म्हणून तिने मडकं हातात घेतलं, स्वतः पाणी शेंदलं आणि ओंजळीने प्यायली.

आजीला हे पान जवळजवळ पाठ होतं. बहुतेक लोक ते वाचून राणीच्या नम्रतेबद्दल बोलतात. आजी म्हणायची, तहानलेल्या माणसाला मागायला लावू नये. त्याला आपल्या हाताने घेता यावं. म्हणून तिने माठ उंबऱ्याबाहेर आणला, शेजारी लांब दांड्याचं ओगराळं आणि वाटीत गूळ ठेवला. आत कोण आहे, कोणाचं घर आहे, हे प्यायला येणाऱ्याला विचारावं लागत नाही. मला मात्र त्या पानात आणखी एक दिसतं. राणीला आणि ब्राह्मणाला त्या विहिरीवर दोर सोडता आला. त्याच वाटेने चाललेल्या कितीतरी माणसांना त्या काळी तो सोडू दिला गेला नसता. त्यांची तहान कोणी लिहून ठेवली नाही. आजीला हे बोलून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, म्हणूनच बाहेर ठेवायचा.

विष्णुभट तिथेच थांबले नाहीत, याचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे. पैसा गेला तरी ते काशीला गेले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी वरसईला परतले. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. दक्षिणेसाठी निघालेला माणूस पाणी घेऊन घरी आला.

आता तुझ्याबद्दल. पहाटे अंधार असतानाच निघ, ऊन चढायच्या आत मुक्काम गाठ आणि दुपारभर पडून राहा. तिथले यात्रेकरूही उन्हाळ्यात तसंच करतात. पाण्याबरोबर मीठ आणि काहीतरी गोड पोटात जाऊ दे. घाम येऊन नुसतंच पाणी पीत राहिलं की अंगातलं मीठ कमी होतं आणि डोकं गरगरतं. इथे आम्ही कैरीचं पन्हं सैंधव घालून पितो ते काही नुसतं चवीसाठी नव्हे. घाम यायचा थांबला किंवा बोलणं अडखळायला लागलं तर चालणं तिथेच सोड, सावलीत बस, अंग ओलं कर आणि कोणालातरी हाक मार.

‘माझा प्रवास’ तुझ्या बाबांबरोबर पाठवते आहे. विष्णुभटांनी ते 1883 च्या सुमारास लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापलं, पण वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढलेली आवृत्ती तुला देते आहे. जुनं मराठी पहिली काही पानं जड जाईल. मोठ्याने वाच, म्हणजे लागेल.

तुझी,
आत्या