वहीतलं तेविसावं पान

लातूरच्या माझ्या मित्राची वही वर्षातून तीन-चारदा नांदेडला येते. तिकडून कोणी येणारं असलं की त्याच्या हाती तो देतो. दोनशे पानी वही, खाकी कव्हर, आत शाईपेनाचं ठसठशीत अक्षर. तो हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. त्याचं कुठं काही छापून आलेलं नाही. वही आली की त्या दिवशी मी दुसरं काही वाचत नाही.

असे वह्या लिहिणारे पाच-सहा मित्र मला लाभले. अर्धापूरच्या एक ताई केळीच्या बागेवर लिहितात. मुनवे कापताना आईच्या झाडाला धक्का लागू नये म्हणून विळा कसा धरायचा, यावर त्यांनी दीड पान लिहिलंय आणि त्या दीड पानात सासू, सून, माहेर सगळं येऊन गेलंय. ते त्यांनी ठरवून आणलेलं नाही. विळ्याबद्दल खरं लिहिलं म्हणून ते आलं.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, देवघेवीच्या टेबलावर गेली. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातल्या एकाचा अर्थ असा, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याची खरी गरज मला या वह्यांनी दाखवली. छापलेल्या पुस्तकाला दुकान असतं, कपाट असतं, निदान नोंदवहीत एक क्रमांक तरी असतो. वहीला कोण आहे? तिला तिचा वाचक मित्रानंच शोधून द्यायचा.

सुरुवातीला मी हे काम फार वाईट करायचो. भेटेल त्याला सांगायचो, आमचा मित्र फार सुंदर लिहितो, वाचाच. लोक हो म्हणत आणि विसरत. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ‘फार सुंदर’ या शब्दांत धरायला काही नसतं. ऐकणाऱ्याला त्यात माझा जिव्हाळा कळतो, लिखाण कळत नाही.

ते कसं कळवायचं, हे मी आमच्या गावच्या माणसाकडून शिकलो. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे आणि ती पत्राच्या रूपात आहे. मित्राच्या कादंबरीची पाठ थोपटून ते थांबत नाहीत. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिताना कोणते प्रश्न अवघड आहेत, ते एकेक करून समोर ठेवतात आणि आपली मतं मोकळेपणानं मांडतात. ती वाचून मी कादंबरी उघडली तेव्हा ते प्रश्न हातात घेऊनच उघडली. दुसरे विजय तेंडुलकर. नामदेव ढसाळांच्या 1972 सालच्या ‘गोलपिठा’ला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्याआधी ते ढसाळांबरोबर त्या कवितांतल्या वस्तीत हिंडले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारले आणि विचारावे लागले हे लिहूनही टाकलं. मला काय कळलं नव्हतं हे सांगणं हीसुद्धा शिफारस असते, हे मला तिथं उमगलं.

तेव्हापासून माझी रीत बदलली. मी आता अख्खी वही कोणाला देत नाही. एक पान, एका माणसाला. ताईंचं विळ्याचं पान मी नुकतंच लग्न होऊन आलेल्या एका मुलीला दिलं होतं. तिनं ते उभ्यानंच दोनदा वाचलं.

यात एक घाव मी स्वतः घातलेला आहे. एका मित्रानं भावाभावांतल्या शेताच्या वाटणीवर लिहिलं होतं. बांधावरच्या लिंबाचं झाड कोणाच्या वाट्याला जावं, यावरून दोघं भाऊ कसे बोलेनासे झाले, ते. मला ते इतकं आवडलं, की एका घरगुती बैठकीत मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथं त्यातल्या एका भावाचे व्याही बसलेले होते. मित्र दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस घरी आला आणि एवढंच म्हणाला, “तुम्हाला वाचायला दिलं होतं, सर.” मैत्रीत मिळालेलं पान आपलं होत नाही. तेव्हापासून मी पानापानाला विचारतो. नाही म्हटलं तर नाही.

आणि जे कच्चं वाटतं ते लिहिणाऱ्याला आधी सांगतो, एकट्याला, पान कुठंही नेण्याआधी. मित्र आहे म्हणून सोडून दिलं तर पुढची वही पातळ होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर लातूरच्या वहीतलं तेविसावं पान. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. मित्रानं रेल्वेवर एक ओळ लिहिलेली नाही. त्याच्या गल्लीत टँकरच्या रांगेत घागरींची अदलाबदल होऊन भांडणं व्हायची, म्हणून लोक त्याच्याकडं आले, की गुरुजी, घागरीवर नाव टाकून द्या. तो लाल ऑइलपेंट घेऊन ओट्यावर बसला. एका म्हातारीनं सांगितलं, मालकाचं नाव टाका. मालक जाऊन नऊ वर्षं झालेली. तो म्हणाला, आजी, तुमचंच टाकतो की. ती म्हणाली, “मपल्या नावानं मला कोण हाक मारतंय बापा? रांगंत त्यांचंच नाव पुकारू द्या.” पुढं त्यानं फक्त रंग वाळायला किती वेळ लागला ते लिहिलंय, आणि म्हातारी तोवर घागरीशेजारी बसून राहिली, एवढं.

मी हे पान चार वर्षं जवळ ठेवलं होतं. कोणाला द्यावं सुचत नव्हतं. गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा मुलगा पाणीपुरवठ्याच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला, पाया पडायला आला. लातूरला फोन लावला. विचारलं, तेविसावं पान देऊ का? मित्र थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “द्या. पण झेरॉक्स नका देऊ. मी पुन्हा लिहून पाठवतो.”